पायावरचा इसब आणि ‘अशुद्ध रक्त’: एका जुन्या समजुतीचा इतिहास



घोट्याच्या वर, पायाच्या आतल्या बाजूला तपकिरी-काळपट डाग पडतो. तिथे खाज सुटते. खाजवले की खपल्या निघतात, कधी पाणी झरते. संध्याकाळी पाय सुजतो, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो. नीट पाहिले तर पोटरीवर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिराही दिसतात. असा पाय घेऊन येणारे रुग्ण मला बहुधा दोन वाक्ये सांगतात. पहिले, “डॉक्टर, इसब झालाय, बरीच मलमं झाली.” आणि दुसरे, “अशुद्ध रक्त साठलंय, ते बाहेर पडलं की बरं होईल ना?”

या इसबाला वैद्यकात व्हीनस एक्झिमा किंवा स्टेसिस डर्माटायटिस म्हणतात. दिसतो तो त्वचेवर, पण त्याचे मूळ पायाच्या शिरांत असते. ‘अशुद्ध रक्ता’ची कल्पना तुमची किंवा तुमच्या आजीची नाही. ती अडीच हजार वर्षे जुनी आहे, आणि तिच्यात थोडे सत्य व बरीच चूक आहे. आज या समजुतीचा इतिहास पाहू. तो कळला की उपचारात नेमके काय चुकते, तेही कळेल.

देवगिरीच्या पायथ्याशी

सुरुवात आपल्या शहराजवळून करू. दौलताबादचा किल्ला म्हणजे यादवांची देवगिरी. १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता हेमाद्री, म्हणजेच आपला हेमाडपंत. देवळे, मोडी लिपी आणि बाजरी यांच्याशी लोक त्याचे नाव जोडतात. पण त्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यक ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने मूळ ग्रंथ या टीकेसह छापला.

वाग्भटाच्या सूत्रस्थानात जळवा लावून रक्त काढण्याची माहिती २६ व्या अध्यायात आहे आणि शिर टोचून रक्त काढण्याची २७ व्या. त्याच्याही आधीच्या सुश्रुतसंहितेत जळवांचे १२ प्रकार दिले आहेत, ६ विषारी आणि ६ बिनविषारी. सुश्रुत पट्टी बांधण्याच्या १४ पद्धती सांगतो. जखमेवर केवळ लेप लावून भागत नाही, ती नीट बांधावीही लागते, हे त्याला पक्के माहीत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

सुश्रुताने शिरांना फार सुंदर उपमा दिली आहे. बागेला पाटाने आणि शेताला चारीने पाणी मिळावे, तसे शरीर शिरांनी भिजते, असे तो म्हणतो. आपल्या शेतकऱ्याला ही उपमा लगेच कळेल. पण तिच्यात एक गोष्ट नाही. पाटाचे पाणी वाफ्यात मुरते, ते परत विहिरीत येत नाही. रक्त मात्र परत येते. तळपायापर्यंत गेलेले रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध पुन्हा छातीपर्यंत चढते. ते कसे, हे त्या काळी जगात कोणालाच माहीत नव्हते.

ग्रीस आणि रोम

ग्रीसमध्येही चित्र असेच होते. पायाला व्रण असताना उभे राहणे हिताचे नाही, ही गोष्ट हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत नोंदलेली आहे. हे निरीक्षण आजही शंभर टक्के खरे आहे. त्यामागचे कारण मात्र त्यांनी वेगळे मानले: शरीरातले दूषित द्रव जड होऊन पायात उतरतात. मग ते बाहेर काढा, शिर टोचा, व्रण वाहू द्या.

रोमन सेनापती गायस मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा फुगल्या होत्या. प्लूटार्क या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, मारियसने स्वतःला बांधून न घेता, भूल नसताना, एका पायाच्या शिरा कापून घेतल्या आणि हूं की चूं केले नाही. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने नकार दिला. एवढ्या वेदना सोसाव्यात इतका काही फायदा दिसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. शस्त्रक्रियेबद्दलचा रुग्णाचा हा हिशेब दोन हजार वर्षांनंतरही तसाच ऐकू येतो. फरक एवढाच की आता उपचार बदलला आहे.

दूषित द्रवांच्या कल्पनेतून एक घातक निष्कर्ष निघाला. पायावरची वाहणारी जखम म्हणजे घाण बाहेर पडण्याची वाट. ती बुजवली तर घाण आत जाईल आणि माणूस जास्त आजारी पडेल. युरोपात ही समजूत १८ व्या शतकापर्यंत टिकली, आणि अनेक जखमा मुद्दाम उघड्या ठेवल्या गेल्या. आपल्याकडे आजही “इसब दाबला की दमा होतो” असे म्हणतात, ते याच घराण्यातले वाक्य आहे. लहानपणीचा ॲलर्जीचा इसब आणि दमा एकाच माणसात दिसू शकतात, कारण दोन्हींची मूळ प्रवृत्ती एकच असते. त्वचा बरी केल्यामुळे दमा होत नाही. आणि शिरांमुळे झालेल्या पायाच्या इसबाचा तर दम्याशी काहीच संबंध नाही.

नहर-ए-अंबरी आणि शिरांच्या झडपा

आता १७ व्या शतकात येऊ. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तेच आजचे आपले शहर. या गावाला पाणी देण्यासाठी त्याने नहर-ए-अंबरी बांधली. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणि खापरी नळांतून उताराने गावात येई. वाटेत विटांचे उंच मनोरे होते, त्यांत पाणी दाबाने वर चढे. त्याच तत्त्वावर पुढे पाणचक्की चालली. पाणी खाली येते ते स्वतःच्या वजनाने. वर चढवायचे असेल तर मागून दाब हवा, आणि चढलेले पाणी मागे फिरू नये याची सोयही हवी.

नेमका हाच प्रश्न त्या काळात इटली आणि इंग्लंडमध्ये सुटत होता, पण शरीराच्या बाबतीत. इटलीतल्या पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस याने १६०३ साली शिरांच्या आतल्या छोट्या झडपांवर पुस्तक प्रसिद्ध केले. झडपा त्याने नीट रेखाटल्या, पण त्यांचे काम चुकीचे समजून घेतले. रक्त खाली फार वेगाने उतरू नये म्हणून त्या आहेत, असे त्याला वाटले. त्याच्याकडे शिकलेला विल्यम हार्वे याने १६२८ साली, म्हणजे मलिक अंबरच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, खरे उत्तर छापले. रक्त शरीरात गोल फिरते. शिरांतले रक्त हृदयाकडे जाते, आणि झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत.

हार्वेचा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. हात खाली लोंबकळत ठेवा, शिरा फुगतील. मनगटाजवळ एका शिरेवर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त सारत न्या आणि ते बोट उचला. मधली शीर रिकामीच राहते, वरून रक्त खाली येत नाही. आता खालचे बोट उचला. शीर खालून भरते. ही तुमची झडप, चांगली चालणारी.

ही बातमी भारतात लवकर पोहोचली. बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या दरबारातल्या दानिशमंद खान या विद्वान सरदाराकडे नोकरीस होता. आपण खानाला हार्वेचे रक्ताभिसरण समजावून सांगत असू, आणि त्यासाठी बकरी किंवा मेंढी उघडून दाखवत असू, असे त्याने लिहिले आहे. पण ही माहिती दरबारातच राहिली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि आपल्या मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ साली. तोपर्यंत ‘अशुद्ध रक्त’ घरोघरी मुरले होते.

रक्त अशुद्ध नसते, दाब जास्त असतो

शाळेत तुम्ही रोहिणी आणि नीला शिकलात. रोहिणी हृदयातून रक्त नेते, नीला परत आणते. नीलेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून पुस्तकात त्याला ‘अशुद्ध’ म्हटले जाई. लोकांनी त्याचा अर्थ ‘घाण’ असा घेतला. आणि डॉक्टरांनीही बराच काळ असेच मानले की, पायात रक्त तुंबते, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि म्हणून त्वचा खराब होते. ‘स्टेसिस’ म्हणजे तुंबणे, हे नाव त्यातूनच आले.

१९२९ साली अमेरिकन सर्जन आल्फ्रेड ब्लालॉक याने फुगलेल्या शिरांतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजला. तो कमी नव्हता, उलट निरोगी पायापेक्षा जास्त निघाला. तुंबलेल्या घाण रक्ताची कल्पना इथे कोलमडली, तरी नाव मात्र चिकटून राहिले.

मग बिघडते काय? दाब. उभे असताना घोट्याच्या शिरेत साधारण ८० ते १०० मिमी पाऱ्याइतका दाब असतो, कारण हृदयापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचे वजन तिथे पडते. निरोगी माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू पंपासारखे आवळतात, रक्त वर ढकलतात, झडपा मिटतात आणि दाब २०-३० पर्यंत उतरतो. झडपा निकामी झाल्या की रक्त वर जाते आणि पुन्हा खाली घसरते. चालूनही दाब उतरत नाही. दिवसभर तो दाब केशवाहिन्यांवर पडतो. त्यांतून पाणी झिरपते, ती सूज. तांबड्या पेशी झिरपून फुटतात, त्यांतले लोह त्वचेत साचते, तो तपकिरी डाग. प्रथिने आणि पांढऱ्या पेशी तिथे दाह निर्माण करतात, तो इसब. १९८० च्या दशकात लंडनच्या डॉक्टरांनी या शेवटच्या पायरीवर बरेच काम केले.

पुढे त्वचा व तिच्याखालची चरबी लाकडासारखी कडक होते, घोट्याच्या वरचा भाग आवळून बारीक दिसतो, आणि एखाद्या किरकोळ खरचटण्यातून महिनोन् महिने न भरणारी जखम होते. १९९४ साली तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शिरांच्या आजाराच्या ० ते ६ अशा पायऱ्या आहेत. डाग आणि इसब ही चौथी पायरी, उघडी जखम ही सहावी. म्हणजे इसब दिसला तेव्हा तुम्ही निम्म्याहून अधिक वाट चालून आलेले असता. मात्र इथून परत फिरणे शक्य असते.

पट्टीची चार शतके

गंमत अशी की, दाबाचे कारण कळण्याआधीच दाबाचा उपाय सापडला होता. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा सर्जन रिचर्ड वाइजमन याने १६७६ च्या ग्रंथात पायाला घट्ट बसणारा, नाडीने आवळायचा मोजा सांगितला. १७९७ साली ब्रिस्टलच्या थॉमस बेंटनने चिकटपट्ट्यांनी पाय आवळून जखमा भरल्या, त्याही रुग्णाला झोपवून न ठेवता. १९ व्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी झिंक ऑक्साइड, जिलेटिन आणि ग्लिसरीन लावलेली पट्टी आणली. ती आजही ‘उन्ना बूट’ म्हणून वापरतात.

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील अभियंता कॉनराड जोब्स्ट याला स्वतःच्याच पायांच्या शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम मिळतो, हे त्याच्या लक्षात आले. पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी असतो. मग तसाच दाब देणारा मोजा का बनवू नये? घोट्याला सर्वात घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारे आजचे स्टॉकिंग तिथून आले.

कापण्यापासून लेझरपर्यंत

१८९० मध्ये जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग याने मांडीतली मुख्य शीर बांधून रक्ताचे उलटे घसरणे थांबवले. २० व्या शतकाच्या सुरुवातीला ती शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रिया आली. गेल्या पंचवीस वर्षांत मोठी चीर द्यावी लागत नाही. सोनोग्राफीवर पाहत, सुईवाटे बारीक तार शिरेत घालून लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करतात, किंवा फेसाचे औषध भरतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातात.

“शीर बंद केली तर रक्त कुठून जाईल?” हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. पायातले बहुतांश रक्त खोलवरच्या शिरांतून वर जाते. वरवरची बिघडलेली शीर रक्त वर नेत नाही, खाली पाडते. म्हणून आधी डॉप्लर तपासणीत खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे पाहतात.

याचा फायदा मोजला गेला आहे. ब्रिटनमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या ‘एस्कार’ अभ्यासात (२००४) नुसती पट्टी बांधलेल्यांपैकी २८ टक्क्यांना वर्षभरात जखम पुन्हा झाली. पट्टी आणि शस्त्रक्रिया दोन्ही केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०१८ च्या ‘एव्हरा’ अभ्यासात शिरेचा उपचार लवकर केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांना ८२ दिवस लागले. हातावर पोट असलेल्या माणसासाठी २६ दिवसांचा फरक म्हणजे जवळजवळ एक महिन्याची मजुरी.

मग मलम कशाला?

१९५२ साली न्यूयॉर्कचे सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब शमतो हे दाखवले. स्टिरॉइड मलमांचे युग सुरू झाले. योग्य मलम, योग्य दिवस वापरले तर खाज आणि दाह छान कमी होतो. पण ते दाह शमवते, झडप दुरुस्त करत नाही. ट्यूब थांबली की इसब परत येतो, मग दुकानातून आणखी तीव्र ट्यूब आणली जाते, आणि वर्षभरात त्वचा कागदासारखी पातळ होते. अशा त्वचेला जखम व्हायला खाटेचा कोपराही पुरतो. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची सूट राहू दिली नाही, ती याच गैरवापरामुळे. स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मिश्र मलमे तर इथे टाळाच. निओमायसिनसारख्या घटकांची ॲलर्जी या रुग्णांत वारंवार दिसते.

तुम्ही काय करायचे?

१. दिवसातून ३-४ वेळा अर्धा तास पाय हृदयापेक्षा उंच ठेवून झोपा. स्टुलावर पाय ठेवून खुर्चीत बसणे पुरेसे नाही.

२. चाला. उभे राहून काम असेल, म्हणजे वाळूजच्या कारखान्यात, चौकात, सलूनमध्ये, वर्गात किंवा हॉटेलच्या भट्टीपुढे, तर दर अर्ध्या तासाने टाचा १५-२० वेळा उचला. तोच तुमचा पंप.

३. स्टॉकिंग डॉक्टरांनी मोजून दिलेले घ्या. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घाला, झोपताना काढा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते नकोसे होते, हे मान्य. तेव्हा पूर्ण सोडण्यापेक्षा कामाच्या उभ्या तासांत तरी घाला, किंवा कमी दाबाचे चालेल का ते विचारा.

४. मधुमेह, तंबाखू-सिगारेटची सवय, चालताना पोटरी दुखणे किंवा हृदयविकार असेल तर तपासल्याशिवाय पाय आवळू नका. आधी पायाची नाडी पाहावी लागते, घोटा व दंड यांच्या रक्तदाबाची तुलना करावी लागते. रोहिणीच अरुंद असेल तर घट्ट पट्टीने नुकसान होते.

५. त्वचा कोरडी ठेवू नका. साधे व्हॅसलिन किंवा बिनवासाचे मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावा. हळद, चुना, लिंबू, झाडपाल्याचा रस लावू नका.

६. जळवा लावून सूज काही काळ उतरू शकते, पण निकामी झडप त्याने मिटत नाही. म्हणून डॉप्लर तपासणी टाळू नका.

७. एकच पाय अचानक सुजला व दुखू लागला, ताप आला, किंवा पाय लाल-गरम होऊन लाली पसरू लागली, तर त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठा. शिरेतून रक्ताची धार लागली तर घाबरू नका: आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने १०-१५ मिनिटे दाबून धरा आणि मग डॉक्टरांकडे या.

हिपोक्रेटिसने उभे राहू नका म्हटले, सुश्रुताने नीट बांधा म्हटले. दोघांचेही सल्ले बरोबर होते. चुकले ते कारण, आणि त्या चुकीपायी शेकडो वर्षे जखमा उघड्या राहिल्या. आज कारण माहीत आहे. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा “चांगलं मलम द्या” एवढेच म्हणू नका. सलवार किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या, उभे राहून दोन्ही पाय दाखवा, आणि विचारा, “माझ्या शिरांची तपासणी करायला हवी का?”

काळजी घ्या.